झाडांचे मस्टर



मस्टर म्हणजे काय हे बोईसर-तारापूरच्या कामगाराला सांगावे लागत नाही. ज्याचे नाव मस्टरवर नाही, त्याला कामावरून कमी केले तर तो कामावर होता इथपासून सिद्ध करावे लागते. माझ्याजवळ वनस्पतिशास्त्राची पदवी नाही; जे वाचले ते सभा-मोर्चे आटोपल्यावर रात्री वाचले. त्या वाचनात झाडांचे मस्टर ठेवणारे एक शास्त्रज्ञ भेटले. त्यांचे काम आपल्या खाडीकाठाला उपयोगी पडणारे आहे, म्हणून आज त्यांच्याविषयी दोन शब्द.

त्यांचे नाव प्राध्यापक एफ. आर. भरुचा. फ्रान्समधील माँपेलिए येथे ब्राउन-ब्लांके या विख्यात पंडिताजवळ ते शिकले. तिकडच्या रुक्ष माळावरील वनस्पतींवरचा त्यांचा प्रबंध १९३३ साली प्रसिद्ध झाला. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी अध्यापन केले आणि विद्यार्थ्यांची एक फळी उभी केली.

त्यांचे शास्त्र म्हणजे वनस्पतींचे समाजशास्त्र. झाडांना कसला आला समाज, असे कोणी विचारील. पण झाड एकटे उगवत नाही. माती, पाणी, ऊन आणि शेजारी जसे असतील, तशी त्याची सोबत ठरते. ही सोबत ओळखण्याची रीत साधी आहे. रानातला एकसारखा दिसणारा तुकडा निवडायचा, चौकोन आखायचा आणि आतल्या प्रत्येक जातीचे नाव लिहायचे. तिने किती जमीन झाकली आहे आणि ती एकटीदुकटी उगवते की जथ्याने, याला एक ते पाच असे अंक द्यायचे. असे अनेक चौकोन ताडून पाहिले म्हणजे कोण कोणाच्या संगतीने राहते ते कळते. हेच झाडांचे मस्टर.

भरुचांनी ही रीत आपल्या मुलखात रुजवली. माथेरान-महाबळेश्वरच्या वनस्पतींवरचा निबंध १९४१ सालचा, तर शंकरनारायण यांच्यासह सह्याद्रीच्या गवताळ रानांवर केलेला १९५८ सालचा. आपल्याला सर्वांत जवळचे मात्र बी. एस. नवलकर यांच्याबरोबरचे खाजणवनाचे काम. १९४२ साली या दोघांनी खाजणातल्या झाडांच्या पानांतील रसाचा दाब मोजून प्रसिद्ध केला.

हा दाब म्हणजे काय? कैरीच्या फोडींना मीठ चोळले की त्यांना पाणी सुटते, हे घरोघरी ठाऊक आहे. पाणी कमी मिठाकडून जास्त मिठाकडे धावते. मग खाऱ्या चिखलात उभ्या असलेल्या तिवराचे पाणी समुद्र का शोषून घेत नाही? कारण तिवराच्या पानातला रसच चिखलाच्या पाण्याहून तीव्र असतो. म्हणून ओढ उलट दिशेने लागते. शास्त्रात याला तर्षणदाब म्हणतात. जास्तीचे मीठ तिवर पानावाटे बाहेर टाकते. पान चाटून पाहा, खारट लागेल. कांदळ बरेचसे मीठ मुळाशीच अडवते. चिखलात हवा नाही, म्हणून तिवराची मुळे खुंट्यांसारखी वर येऊन श्वास घेतात.

या साऱ्याचा मेळ भरती-ओहोटीशी आहे. पाणी किती वेळा येते आणि किती वेळ राहते, यावर कोणते झाड कोठे उभे राहील हे ठरते. एकामागून एक कोणती झाडे येतात, तो मुंबई-साष्टीतला क्रम नवलकरांनी १९५१ साली मांडला. पुढे त्या बाजूची पुष्कळ खाजणे भराव घालून बुजवली गेली. तेथे काय होते, हे सांगायला अशा जुन्या नोंदी आज साक्षीला आहेत.

आता सातपाटी-मुरब्याच्या खाडीकडे या. कांदळवन तोडण्यास आणि त्यापासून पन्नास मीटरच्या आत बांधकाम करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली मनाई केली. २०१८ च्या निकालातही ते संरक्षण कायम राहिले. परंतु झाड मारायला कुऱ्हाडच लागते असे नाही. भरावाने किंवा बांधाने भरतीची वाट अडली, श्वासमुळे बुडाली किंवा गाडली गेली, की तिवर उभ्याउभ्या वाळते. त्या रानाच्या आश्रयाने कोळंबी, चिंबोरी, मासळीची पिल्ले वाढतात. रान गेले की त्यांचा आसरा जातो, आणि तोट्याची झळ मच्छीमाराच्या चुलीपर्यंत पोहोचते.

तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे दाद मागितली. अशा दाव्यात नुसता आक्रोश पुरत नाही. काल काय होते आणि आज काय उरले, हे तारखेनिशी दाखवावे लागते.

म्हणून माझी सूचना एवढीच. आपल्या महाविद्यालयातील मुलांनी, शिक्षकांनी आणि खाडीकाठच्या मंडळींनी काही चौकोन कायमचे आखावेत. दर वर्षी पावसाळ्यानंतर तेथील तिवर, कांदळ, चिपी मोजून वहीत लिहावे. कारखान्यातल्या कामगारांनीही सुटीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जावे. खाडीची मासळी त्यांच्याही घरी शिजते. वही, दोरी आणि खुंट्या एवढेच भांडवल लागते. नाव लिहिलेले असले, की गैरहजर कोण ते विचारता येते.