नळीचा सूर आणि मराठीचा पेपर

धडा विज्ञानाचा घ्यावा आणि त्याचे गुण भाषेच्या पेपरात पडावेत, हे वाचून माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाचे कान टवकारले नाहीत तरच नवल!

प्रयोग इंग्लंडातला. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील मायकेल शेअर आणि फिलिप अ‍ॅडी यांनी १९८० नंतरच्या दशकात तो केला. अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या विज्ञानाच्या तासांतून पंधरवड्याला साधारण एक तास त्यांनी मागून घेतला. दोन वर्षांत असे तीस धडे. एका धड्यात नळ्या असतात. काही लांब, काही आखूड, काही रुंद, काही अरुंद. फुंकर मारायची आणि सूर कशाने बदलतो ते शोधायचे. एक नळी लांब नि अरुंद, दुसरी आखूड नि रुंद घेऊन निकाल देण्याचा मोह कोणाला होत नाही? तिथे शिक्षकाने उत्तर सांगायचे नाही. ‘कशावरून?’ एवढेच विचारायचे. मुलांनी आपसांत वाद घालावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, हे स्वतःच हुडकावे.

दोन-तीन वर्षांनी शालान्त परीक्षेत यांतल्या काही गटांना विज्ञान-गणितातच नव्हे, इंग्रजीतही इतरांपेक्षा चांगले गुण मिळाले. (सगळ्या गटांना नव्हे, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तर विज्ञानातही फरक आढळला नाही, हे सांगितलेच पाहिजे.) मला विचाराल तर सारी मेख त्या गप्प बसण्यात आहे. मास्तराला दुसरे काहीही जमेल!

मला तर नाहीच जमले. वायरिंगच्या पाइपाचे तुकडे उरले होते, ते सातवीतल्या कन्येपुढे ठेवले. तिने दोन उचलले, खालून तळहात लावून फुंकले आणि म्हणाली, “लांबीमुळे.”

“अगं, पण रुंदीही बदललीस ना!” मी बोलून गेलो. झाले! धडा दोन मिनिटांत आटोपला. तिने निमूटपणे सारख्या रुंदीचे तुकडे घेतले. लांब नळीचा सूर खालचा लागला. उत्तर बरोबर आले, पण ते माझे होते.

पंधरा दिवसांनी उत्तरपत्रिका तपासून मी सौ.ला म्हणालो, “यंदाच्या पोरांना चार ओळी धड लिहिता येत नाहीत. सगळा त्या मोबाइलचा प्रताप!”

कोपऱ्यातून आवाज आला, “बाबा, यंदा तुमचं पुस्तकही बदललं ना? आणि पेपरही या वेळी तुम्ही काढलात. मग मोबाइलमुळेच, हे कशावरून?”

सौ. पदराआड हसली. मी घसा खाकरला. पण सांगण्यासारखे काही सुचेना. बांधून ठेवलेल्या गठ्ठ्याची सुतळी पुन्हा सोडली आणि तांबडी शाई लागलेली पहिली उत्तरपत्रिका वाचायला घेतली.