जीवाणूच्या पेशीतील घड्याळ

भातखाचरात खत म्हणून सोडल्या जाणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळाची ओळख आपल्या अनेक शेतकऱ्यांना आहे. नावाने शेवाळ, तरी शास्त्रदृष्ट्या ते जीवाणूच होत. त्यांच्याच कुळातील ‘सिनेकोकॉकस’ या जीवाणूने जीवशास्त्रातील एक दृढ समजूत मोडीत काढली. जी पेशी एका दिवसाच्या आत दुभंगून दोन होऊ शकते, तिला चोवीस तासांचे घड्याळ हवे कशाला, असे पूर्वी मानले जाई.

जपानच्या नागोया विद्यापीठातील ताकाओ कोंदो आणि त्यांच्या जपानी व अमेरिकी सहकाऱ्यांनी १९९८ साली या घड्याळाची तीन जनुके प्रसिद्ध केली. चक्र या अर्थाच्या जपानी शब्दावरून त्यांना ‘काय’ हे नाव मिळाले. मराठी वाचकास ते प्रश्नार्थक वाटेल. त्याला इलाज नाही!

या जनुकांपासून काय-ए, काय-बी आणि काय-सी ही प्रथिने बनतात. घड्याळाचा मुख्य भाग काय-सी होय. त्याचे सहा रेणू एकत्र येऊन एकावर एक ठेवलेल्या दोन कड्यांसारखी रचना होते. एका कड्याच्या शेपट्यांना काय-ए येऊन चिकटले, की त्या कड्यातील ४३१ व ४३२ क्रमांकांच्या शेजारी-शेजारी असलेल्या अमिनो आम्लांवर फॉस्फेटचे गट चढू लागतात. हे काम दिवसा चालते. दोन्ही जागा भरत आल्या, की दुसऱ्या कड्याची ठेवण बदलते. तेथे काय-बी येऊन बसते आणि काय-ए ला आपल्यापाशी अडकवून ठेवते. मग रात्री फॉस्फेट उतरत जातात. ते उतरल्यावर काय-बी सुटते, काय-ए मोकळे होते आणि चक्र पुन्हा सुरू होते.

रेणूंच्या क्रिया निमिषार्धात घडतात. मग येथे पुरा दिवस का लागतो? याचे उत्तर रचनेतच आहे. काय-सी ला जोडण्यापूर्वी काय-बी ला आपली घडी मोडून नवी घालावी लागते, आणि ते क्वचितच घडते. शिवाय एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे विघटन काय-सी अत्यंत सावकाश करते: एका रेणूमागे दिवसाला सुमारे १५. तापमान वाढले, तरी ही गती फारशी बदलत नाही.

२००५ साली कोंदो यांच्याच प्रयोगशाळेत ही तीन प्रथिने व एटीपी परीक्षानळीत एकत्र केली गेली. पेशी नाही, जनुके नाहीत; तरीही फॉस्फेटची चढउतार चोवीस तासांच्या तालात दिवसेंदिवस चालू राहिली.

राहिला घड्याळाच्या उपयोगाचा प्रश्न. १९९८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरनिराळ्या गतीच्या घड्याळांचे वाण एकत्र वाढविण्यात आले. ज्याचे घड्याळ उजेड-अंधाराच्या चक्राशी जुळले, त्या वाणाने इतरांस मागे टाकले. अखंड प्रकाशात मात्र कोणाचीच सरशी झाली नाही.