उपासनेची चौकट कोण ठरवितो?

विवाहाचा ख्रिस्तयाग चालू असतो. पहिल्या वाचनासाठी वाचक पुढे येतो आणि पवित्र शास्त्राऐवजी एखाद्या कवीच्या पुस्तकातील उतारा वाचून दाखवितो. अर्पणाच्या वेळी गायकवृंद चित्रपटगीताच्या चालीवर बसविलेले शब्द गातो. कोणी सुखावतो, कोणी मनातल्या मनात हळहळतो, आणि मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, "काळाप्रमाणे बदलायला हवे." दुसरा म्हणतो, "हे सारे भारतीयीकरणाचे फळ आहे." अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत असा वाद आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. आमच्या मते या दोन्ही उत्तरांत मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. उपासनेत काय बदलता येते, काय बदलता येत नाही आणि ते कोण ठरवितो, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर शोधताना प्रथम पवित्र शास्त्राकडे वळू या. अम्माऊसच्या वाटेवर पुनरुत्थित प्रभूने दोन शिष्यांना आधी शास्त्राचा उलगडा करून सांगितला आणि नंतर भोजनास बसून भाकर मोडली (लूक २४). आधी वचन आणि मग भाकर, हा क्रम स्वतः प्रभूने घालून दिला. यरुशलेममधील पहिली मंडळी प्रेषितांची शिकवण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना यांत तत्पर होती, असे प्रेषितांची कृत्ये (२:४२) सांगतात. सुमारे इ. स. १५५ मध्ये संत जस्टिन यांनी रोममधील रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले. शास्त्रवाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर व द्राक्षारस यांवरील उपकारस्तुती, त्यांचे वाटप आणि अखेरीस अनाथ व विधवांसाठी दान, असा तो क्रम आहे. आजच्या मराठी मिस्साविधीत आपण हाच क्रम पाळतो.

अंधेरीच्या सीप्झ परिसरात १५७९ साली बांधलेल्या संत जॉन बाप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. साथीच्या रोगामुळे १८४० साली लोकांनी ते सोडले आणि मरोळला नवे चर्च उभे राहिले. जुन्या चर्चवर आज छप्पर नाही, तरीही वर्षातून एकदा, मे महिन्यात, त्या भिंतींच्या आत ख्रिस्तयाग अर्पण होतो. इमारत ढासळली, वस्ती हलली, लॅटिनच्या जागी लोकांच्या भाषा आल्या. वचन आणि भाकर यांचा क्रम मात्र टिकून राहिला.

मग भारतीयीकरणाचे काय? द्वितीय व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान जाहीर केले. विविध लोकांच्या परंपरांतील जे श्रद्धेला बाधक नाही ते उपासनेत स्वीकारता येईल, असे त्याने मान्य केले. त्याच संविधानाने असेही बजावले की, कोणीही, मग तो धर्मगुरू का असेना, स्वतःच्या अधिकारात उपासनेत भर घालू नये, काही वगळू नये वा बदलू नये. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचायला हव्यात.

भारतातील घडामोडी याची साक्ष देतात. देशातील बिशपांच्या विनंतीवरून रोमने २५ एप्रिल १९६९ रोजी बारा मुद्द्यांना मान्यता दिली. पादत्राणे काढून जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून नमन करणे, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, अंगवस्त्र, फुले व धूप यांसह आरती अशा गोष्टींचा त्यांत समावेश होता. अनेक प्रापंचिकांना हेही रुचले नाही आणि त्यांनी तीव्र विरोध केला. पुढे काही ठिकाणी ही मर्यादाही ओलांडली गेली. अन्य धर्मांच्या ग्रंथांतील वाचने आणि मान्यता नसलेली नवी कृतज्ञता-प्रार्थना मिस्साविधीत वापरली जाऊ लागली. १९७५ साली रोमने हे दोन्ही थांबविण्यास सांगितले. बारा मुद्दे मात्र कायम राहिले.

हा भेद लक्षात घेण्यासारखा आहे. आरती आणि अंजली ही भक्तीची अभिव्यक्ती आहे. आपल्या देहबोलीने आपण त्याच प्रभूला वंदन करतो. वाचनपीठावरून मात्र देव आपल्या लोकांशी बोलतो. तेथे दुसरा ग्रंथ, कितीही सुंदर असला तरी, बायबलची जागा घेऊ शकत नाही. २५ मार्च २००४ ही तारीख असलेल्या रोमच्या 'रेदेम्प्सिओनिस साक्रामेंतुम' या सूचनापत्रात हाच नियम पुन्हा स्पष्ट केला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली प्रसिद्ध झालेले 'ख्रिस्तपुराण' हे मराठी माणसाला सहज पटेल असे उदाहरण आहे. त्यातील ओवी आपली आहे, कथा पवित्र शास्त्राची आहे.

विविधता म्हणजे विचलन नव्हे, हेही आपण विसरू नये. याच उपनगरांत १९८८ साली स्थापन झालेल्या कल्याण धर्मप्रांताचे सिरो-मलबार बांधव आपल्या प्राचीन पौर्वात्य विधीप्रमाणे उपासना करतात. त्यांचा विधी आपल्याहून वेगळा असला, तरी तो कोणा एकाच्या लहरीतून आलेला नसून ख्रिस्तसभेच्या परंपरेतून आलेला आहे.

गीतांनाही हीच कसोटी लावावी. गीतांचे शब्द श्रद्धेशी सुसंगत असावेत आणि मुख्यतः पवित्र शास्त्र व उपासनाविधी यांतून घेतलेले असावेत, असे महासभेचे संविधान सांगते. जी चाल ऐकताच पडद्यावरील दृश्य डोळ्यांपुढे उभे राहते, ती मनाला वेदीकडे कशी नेणार? उलट, ओवी वा अभंगाच्या वळणाने गायिलेले स्तोत्र आपल्या भाविकांच्या ओठांवर सहज बसते.

मग अनुचित प्रकार दिसल्यास काय करावे? भर मिस्सात हुज्जत घालू नये किंवा मोबाइलवर चित्रफीत फिरवून कोणाची बदनामी करू नये. विवाह ठरताच वधूवरांनी वाचने व गीते धर्मगुरूंना दाखवावीत. शंका असल्यास गायकवृंदाशी व धर्मगुरूंशी शांतपणे बोलावे. एवढ्यानेही निभावले नाही, तर बिशपांकडे दाद मागण्याचा हक्क २००४ च्या सूचनापत्राने प्रत्येक कॅथलिकाला दिला आहे. हे सत्याने आणि प्रेमाने करावे, अशीही त्यात अपेक्षा आहे.

शेवटी संत पौलाकडे वळू या. करिंथ येथील मंडळीला त्याने कठोर शब्दांत खडसाविले (१ करिंथ ११). प्रभूभोजनासाठी जमलेल्यांपैकी काही जण आधीच पोटभर जेवत होते आणि गरीब उपाशी राहत होते, याचे त्याला दुःख होते. तेव्हा शास्त्राची चौकट मोडण्याचा दोष केवळ गायकांचा वा वेदीवरच्यांचा नसतो. वाचने संपल्यावर चर्चमध्ये येणारे, अंतिम आशीर्वादाआधी निघून जाणारे आणि शेजारच्या बाकावरील परक्या गावच्या मजुराला शांतीचे नमनही न करणारे आपणही ती चौकट मोडतच असतो. येत्या रविवारी घंटेपूर्वी दहा मिनिटे पोहोचून त्या दिवसाची वाचने आपण स्वतः उघडून वाचू या. उपासनेचे रक्षण तेथूनच सुरू होते.