पोरगं नाटक लिहितंय? लिहू द्या!

खुरपणीला माणूस मिळत नाही आणि घरचं पोरगं तालुक्याच्या कॉलेजात नाटक लिहीत बसलंय, ही तक्रार श्रावणात बऱ्याच घरांतून ऐकू येते. तक्रार खोटी नाही. पण शेतकरी बंधूंनो, कॉलेजच्या एकांकिका स्पर्धा आणि आपला खरीप एकाच वेळी येतात, त्याला पोरगं काय करणार?

पुण्याची पुरुषोत्तम करंडक स्पर्धाच घ्या. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ती भरवते. प्राथमिक फेरी साधारण ऑगस्टात, भरत नाट्य मंदिरात. पुढे पुण्याबाहेरही केंद्रं निघाली. २०२२ साली मात्र परीक्षकांनी एकही एकांकिका त्या दर्जाची नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नाही. म्हणजे दिवे, नेपथ्य, पार्श्वसंगीत सगळं असूनही भागत नाही. सांगण्यासारखं काही लागतं, आणि ते आपल्याकडं पोत्यानं पडलंय.

सातबाऱ्यावर बहिणीचं नाव ठेवायचं की हक्कसोड करून घ्यायचं, यावरून दोन भावांत एका रात्रीत काय काय होतं! बांध कोरण्याचं भांडण, टँकरपुढची रांग, लग्न जमत नसलेला शेतकरी मुलगा. प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका जात आणि पाणी एवढ्यावरच उभी आहे, आणि पात्रं दोनच. पात्रं कमी आणि जागा एकच, हे खर्चालाही बरं. एस.टी.च्या टपावर वाडा चढवून नेता येत नाही!

आमच्या पोरांचं चुकतं ते इथं. घरात ‘आलतास का, जेवलास का’ बोलणारा मुलगा कागदावर मात्र पुणेरी बोलू लागतो. नाहीतर दुसऱ्याची गाजलेली संहिता उचलतो. दुसऱ्याची घेतली तर लेखकाची लेखी परवानगी लागते. स्वतःची लिहिली तर तो प्रश्न मिटला. शिवाय प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याला दिवस लागतात, म्हणून लिखाण पेरणीच्या आसपासच संपवावं. प्रवेश कॉलेजच्या नावानं होतो, तेव्हा प्राचार्यांची सही आधी. वेळेची मर्यादा आणि फी नियमपत्रिकेत नीट वाचावी. तालीम रंगली म्हणून घड्याळ थांबत नाही.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही एक विनंती. संध्याकाळी समाजमंदिराची किल्ली द्या, बल्ब चालू आहे का बघा. नाटकात एखादा ग्रामसेवक वा तलाठी आला तर लगेच रागावू नका. (खुर्चीतला माणूस कसा बोलतो हे पोरांनी पाहिलेलं असतं, त्याला इलाज नाही.) उलट फेरफाराची नोंद कशी होते, नोटीस कुणाला जाते, हे त्यांना समजावून द्या. कागद चुकला की नाटकही लटकं पडतं.

वडिलांनी धार काढून झाल्यावर दोन तास मोकळे द्यावेत. बदल्यात रविवारी पोरानं खुरपं धरावं, हा सौदा दोघांनाही परवडतो. आणि पहिलं वाचन कॉलेजात नको, घरच्या ओसरीवर होऊ द्या. कुठलं वाक्य आपल्या माणसाच्या तोंडचं नाही, ते आजी लगेच सांगेल.