भिंत, चेहरे आणि खंडाळ्याचा खडक

जेरुसलेमची पश्चिम भिंत, म्हणजे ज्यूंच्या प्राचीन मंदिराच्या आवाराला आधार देणाऱ्या तटाचा उरलेला भाग, छायाचित्रात आणण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांमध्ये ऑग्युस्त साल्झमान या फ्रेंच चित्रकाराने १८५४ साली केलेले काम महत्त्वाचे ठरते. मात्र त्याला तेथे नेले ते भक्तीने नव्हे, तर या तटाचे दगड सॉलोमन राजाच्या काळचे आहेत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञ द सोसी यांच्या वादग्रस्त मताला पुरावा मिळवण्याच्या इच्छेने. त्याने कॅलोटाइप पद्धत वापरली, जिच्यात चांदीच्या क्षारांनी प्रकाशसंवेदी केलेल्या कागदावर प्रथम उलटी प्रतिमा घेऊन तिच्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढता येतात. त्याच्या चित्रांत दगडांचे सांधे, घडाईच्या कडा आणि त्यांवर पडलेल्या सावल्या अतिशय बारकाईने दिसतात, माणसे मात्र क्वचितच दिसतात. पुढे संशोधकांनी ही भिंत हेरोद राजाच्या काळातली ठरवली, तरी चित्रांचे मोल उणावले नाही.

त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, परंतु येथील कॅमेऱ्याचे कुतूहल वास्तूंइतकेच जातिजमातींच्या चेहऱ्यांकडे आणि पोशाखांकडे वळले. सोसायटीशी संबंधित विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ साली मुंबईच्या रहिवाशांविषयी दोन सचित्र खंड प्रसिद्ध केले. त्यांत अनेक ठिकाणी माणसांचे चित्र एका निगेटिव्हवरून, तर मागचे दृश्य दुसऱ्यावरून घेऊन जोडलेले आहे, म्हणजे माणूस ज्या जागी उभा दिसतो तेथे तो कधी उभा राहिलाच असेल असे नाही. बेने इस्रायल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलघाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवत असल्याने ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले मराठी ज्यू, यांच्या शिक्षकांचे १८५६ सालचे म्हणून ओळखले जाणारे एक समूहचित्र आज प्रसिद्ध आहे, आणि त्यातही नजरेत भरतात ती माणसेच. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मांडवीत उभारलेली ‘शार हारहमीम’ ही त्यांची जुनी मशीद (प्रार्थनालयाला या समाजात मशीदच म्हणत) त्या चित्रात कोठेच नाही.

जेरुसलेममध्ये जागा माणसांविना आणि मुंबईत माणसे जागेविना नोंदली गेली, ही तफावत हळहळ वाटावी अशी आहे, कारण बेने इस्रायलांच्या स्मृतीत या दोन्ही गोष्टी कधीच वेगळ्या नव्हत्या. गलबत फुटल्यावर सात पुरुष आणि सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या व बुडालेल्यांना नवगावात पुरले, ही त्यांची मूळकथा अलिबागजवळच्या त्या भूमीला बांधलेली आहे. तशीच जवळच्या खंडाळ्याच्या खडकावरील खूण एलियाहू हनाबींच्या रथाची मानली जाते. एलियाहू हनाबी म्हणजे ज्यू धर्मग्रंथांतील संदेष्टा. नवस बोलताना व फेडताना त्यांच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा केला जातो.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास छापून निघाला तो थेट १९३७ साली, तेल अवीवमध्ये. त्या चाळीस वर्षांत ही स्मृती टिकवून धरली ती मलिद्याभोवती जमणाऱ्या घरांनी, आणि म्हणूनच मुंबई-ठाण्यातील बेने इस्रायल कुटुंबांचे जुने अल्बम पाहताना चित्रातील व्यक्तींच्या नावांबरोबर त्या घरचा नवस कोठे फेडला जाई, हेही आजच्या वडीलधाऱ्यांकडून नोंदवून घेणे निकडीचे आहे.