औषधाला न जुमानणारे जंतू नदीत येतात कुठून?

अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. सारख्या गोळ्या खाऊन शरीराला औषधाची सवय होते, ही एक; आणि नदीत असं काही आलंच तर ते कारखान्यातून येणार, ही दुसरी. ठाणे जिल्ह्यातल्या शेणवा, किन्हवली, मुरबाडकडच्या माणसाला हे दोन्ही समज निर्धास्त करतात, म्हणून ते तपासायला हवेत. सवय शरीराला होत नाही. औषधाने नाजूक जंतू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. शिवाय चिवटपणाचं जनुक ते वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतात. हे जंतू विष्ठेवाटे बाहेर पडतात. त्यामुळे ज्याने कधी एकही गोळी घेतली नाही, त्याच्याही पोटात ते पाण्यावाटे जाऊ शकतात.

कारखान्यांवरचा आरोप खोटा नाही. हैदराबादजवळच्या पटनचेरूत औषध कंपन्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलं, असं 2007 साली प्रसिद्ध झालं. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतकं नसतं. पण पटनचेरू हा अपवाद आहे; एरवीची वाट मैल्याची, आणि ती ओळखायची खूणही आहे. माणसाच्या आतड्यातल्या जंतूंवर वाढणारा क्रॅसफाज नावाचा एक विषाणू आहे. तो पाण्यात सापडला की मानवी मैला मिसळला आहे हे कळतं. 2019 साली संशोधकांनी अनेक ठिकाणच्या नमुन्यांत ही खूण आणि प्रतिकाराची जनुकं यांचं प्रमाण ताडून पाहिलं. बहुतेक ठिकाणी जिथे मैला जास्त तिथे जनुकंही जास्त निघाली. हिशेब जुळला नाही तो औषधनिर्मितीच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या जागी. पुण्याच्या मुठेचा गाळ तपासणाऱ्या 2017च्या अभ्यासाचं बोट त्याआधीच मैल्याकडे होतं. शहराच्या वरच्या अंगाच्या तुलनेत शहरातल्या गाळात ही जनुकं तीस पटींपर्यंत जास्त होती, आणि त्यांत कार्बापेनेमसारख्या शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधांना निकामी करणारीही होती. शहराने नदीत सोडलेलं न शुद्ध केलेलं सांडपाणी हेच त्याचं कारण अभ्यासकांनी दिलं.

मग शहरं नसलेल्या आमच्या तालुक्यांचा काय संबंध, असं कोणी विचारेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या यादीत महाराष्ट्रातले 53 नदीपट्टे प्रदूषित ठरले. आमच्या भागातल्या काळू नदीचा टिटवाळ्याकडचा पट्टा त्यात मुठेसोबत सर्वांत वाईट वर्गात होता, इथलीच भातसा सर्वांत सौम्य वर्गात. ही यादी पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या मोजमापावर बेतलेली आहे, प्रतिकारावर नाही. तिच्यावरून काळूत असे जंतू किती, हे ठरवता येत नाही. पण घाण मैल्याची असेल तर वाट तीच आहे. आणि या वाटेला शहरच लागतं असं नाही. भरलेला सेप्टिक टँक उपसून टँकर ओढ्यात रिता झाला, तर गावाच्या पोटातलं सगळं ओढ्यात गेलं. खाद्यातून औषधं दिलेल्या कोंबड्यांच्या विष्ठेचंही तेच. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरचा उपाय असलेलं औषध पशुखाद्यात वापरायला केंद्र सरकारने 2019 साली बंदी घातली, ती उगाच नाही.

वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं, हा आधार मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो. प्रवाहाने घाण पातळ होते, काही जंतू मरतातही, पण काही गाळात टिकून राहतात, आणि आजूबाजूच्या इतर जंतूंना त्यांची जनुकं मिळू शकतात. उलट टोकाची भीतीही चुकीची आहे. हे जंतू औषधाला चिवट असतात, उष्णतेला नव्हे. खळखळ उकळलेल्या पाण्यात साध्या जंतूंबरोबर तेही मरतात, आणि विहिरीत योग्य प्रमाणात टाकलेल्या ब्लिचिंग पावडरनेही बहुतांशी मरतात. भातसेचं पाणी मुंबईला पोहोचण्याआधी पांजरापूरला शुद्ध होतं. काठावरच्या गावात ते थेट हंड्यात येत असेल, तर हे काम चुलीवर आणि विहिरीवरच करावं लागतं. आणि टँकरचा मैला कुठे रिता होतो, हा प्रश्न ग्रामसभेत विचारावा लागतो.