परसाकडून सुलभपर्यंत

पेणहून कासू, नागोठणे करीत रोह्यास जाणाऱ्या उतारूला निकड लागली, तर ती कोणत्या शब्दांत सांगावी, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. कारण ज्या देहधर्मातून रावाची सुटका नाही आणि रंकाचीही नाही, त्याच्या स्थळाचे नाव घेताना मराठी माणूस नेहमीच आडवळणाने बोलत आला आहे.

जुन्या घरांतील वडीलधारी मंडळी ‘परसाकडे’ जात, शास्त्रीबुवा ‘बहिर्दिशेस’ जात. दोन्ही शब्दांत केवळ दिशा आहे, वास्तू नाही, कारण तेव्हा बांधलेली वास्तू बहुधा नसेच. पुढे भिंती उभ्या राहिल्या, तेव्हा दरबारी फारसीने ‘पायखाना’ दिला आणि ‘सेहत’ म्हणजे आरोग्य, त्यावरून झालेला ‘शेतखाना’ही दिला, ज्यात मराठी कानाला मात्र शेतच ऐकू आले. ‘संडास’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द पांढरपेशा जिभेला जड होऊ लागला, तशी ‘शौचालय’, ‘स्वच्छतागृह’, ‘प्रसाधनगृह’ अशी संस्कृत नावे पाट्यांवर चढली. परंतु जागा झाडली नाही, तर कितीही सोवळ्या नावाला चार दिवसांत तिचा दर्प लागतो आणि पुन्हा नव्या शब्दाची तजवीज करावी लागते. १९७० साली बिंदेश्वर पाठक यांनी बिहारमध्ये स्थापिलेल्या संस्थेच्या नावातले ‘सुलभ’ हे साधे विशेषण अशाच गरजेपोटी आपल्याकडे नाम होऊन बसले. सरकारने मात्र एकदा सारी भीड सोडली: घरात उच्चारताच आईने डोळे वटारावेत असा ‘हागणदारी’ हा शब्द ग्रामस्वच्छतेच्या मोहिमांत ‘मुक्त’ची जोड घेऊन थेट सरकारी दप्तरात दाखल झाला.

राहिली ‘मुतारी’. बाजारपेठेत पुरुष तिचा पत्ता बिनदिक्कत विचारतो. स्त्रीसाठी इतका रोखठोक शब्द भाषेत रुळला नाही, कारण तिच्यासाठी तशी जागाच फारशी कोणी बांधली नाही. मुंबईत २०११ साली स्त्रियांच्या या हक्कासाठी चळवळ उभी राहिली, तिलाही ‘राइट टू पी’ हे परभाषेतले नाव घ्यावे लागले. म्हणूनच रोह्याला उतरलेली बाई दबक्या आवाजात ‘बाथरूम कुठे आहे हो?’ असे विचारते, तेव्हा तिला अंघोळ करायची नाही हे साऱ्यांना कळते. उत्तर मात्र थोड्यांनाच देता येते.